लाइनवर सासूबाई

त्या ऑफिसात फोन वाजला की सगळ्यांना एकदम काहीतरी काम आठवायचं. स्टोअरकीपर उठून खोकी इकडची तिकडे करायला लागायचा, हिशेबनीस चष्मा पुसायला घ्यायचे, साहेब केबिनचं दार हळूच लोटून घ्यायचे. फोन उचलायची तक्रारबाई.

तिचं खरं नाव पगाराच्या चिठ्ठीवर होतं. बाकी सगळीकडे ती तक्रारबाईच. वॉशिंग मशीन विकणाऱ्या आणि विकल्यावर नाइलाजाने दुरुस्तही करणाऱ्या कंपनीची ती शाखा होती. विकणारे लोक पुढे काचेच्या शोरूममध्ये बसत, तिथे एसी होता. दुरुस्तीवाले मागच्या खोलीत बसत, तिथे पंखा होता. तो पंखा बरेच दिवस बंद होता, पण तो वॉशिंग मशीन नसल्यामुळे त्याची दुरुस्ती कुणाच्या खात्यात बसत नव्हती.

गंमत अशी, की तक्रारबाईने स्वतः आजवर कसलीही तक्रार केली नव्हती. दिवसभर लोकांची बोलणी खायची आणि "हो सर", "सॉरी मॅडम", "नोंद घेतली आहे" एवढ्या तीन वाक्यांवर दिवस काढायचा. आवाज इतका सपाट, की पलीकडच्या माणसाला आपण माणसाशी बोलतोय की भिंतीशी, असा प्रश्न पडावा. तोच आवाज साहेबांना फार आवडायचा. "प्रोफेशनल," असं ते त्याला म्हणत.

घरी मात्र ही बाई ओळखू आली नसती. स्वयंपाकघरात शिरली की तिच्या अंगात दहा माणसं यायची. साहेब दार कसं लोटतात, हिशेबनीस शिंकायच्या आधी कसे आभाळाकडे बघतात, सगळं ती करून दाखवायची. तिची सगळ्यांत हुकमी नक्कल सासूबाईंची, आणि तीही सासूबाईंच्या समोर. नवरा जरा दबकून हसायचा, पण सासूबाई पदराने डोळे पुसत म्हणायच्या, "अगं बाई, मी अशी बोलते? अशीच बोलते की मेली मी!"

मग दम खाऊन विचारायच्या, "ऑफिसात करतेस का गं हे?"

"ऑफिसात? आई, तिथे मला गप्प बसण्याचा पगार मिळतो."

सगळं सुरळीत चाललं होतं. मग कंपनीने नवीन फोन बसवला.

नव्या फोनची खुबी अशी, की फोन उचलेपर्यंत लोकांना लाइनवर थांबवून ठेवता यायचं आणि ते थांबलेले असताना त्यांच्या कानात एक रेकॉर्ड वाजत राहायची. मजकूर मुख्य ऑफिसकडून आला होता. 'आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. आमचे तंत्रज्ञ चोवीस तासांच्या आत आपल्या घरी पोहोचतील.'

"हे तुमच्या आवाजात होऊन जाऊ दे," साहेब म्हणाले. "बाहेरचा माणूस कशाला?"

तक्रारबाईने मजकूर वाचला आणि घुटमळली. "साहेब, चोवीस तास नाही हो जमत. मिस्त्री दोनच आहेत. त्यातल्या धाकट्याची कंबर धरलीय. पाच-सहा दिवस तरी लागतात."

"मॅडम, तुम्हाला कुणी विचारलंय का किती दिवस लागतात?"

"नाही."

"मग झालं तर. आपण फक्त वाचायचं."

रेकॉर्डिंग करायला फोनवाला आला. फोनवाला म्हणजे पन्नाशीचा, कमरेच्या पट्ट्याला पेचकस आणि पकडी लटकवून फिरणारा, मोजकं बोलणारा गृहस्थ. त्या दिवशी तो आणखीच मोजकं बोलत होता, कारण त्याची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल दाबून त्याने दुसऱ्या हाताने माइक जोडला.

"आधी टेस्ट. बोला काहीही."

"काहीही म्हणजे?"

"काहीही. पाढे म्हणा. नंतर पुसणारच आहे."

साहेब जेवायला गेले होते. हिशेबनीस खुर्चीतच पेंगत होते. खोलीचं दार बंद होतं. आता बारा वर्षं तीन वाक्यांवर काढलेल्या बाईला कुणी 'काहीही बोला' म्हटलं तर काय होईल? तक्रारबाईने माइककडे बघितलं, घसा खाकरला, आणि तिच्या तोंडून सासूबाई बोलायला लागल्या.

"हॅलो! कोण? बरं, कुणी का असेना. थांब जरा. चिडू नकोस, चिडून फोन लवकर लागत नाही. काय, मशीन बंद पडलं? अरे, चांगली धट्टीकट्टी माणसं बंद पडतात, ते तर मशीन. आता खरं सांगते. चोवीस तासांत कुणी येत नाही हो. मिस्त्री दोन, त्यातल्या एकाची कंबर धरलीय. पाच-सहा दिवस लागतील. तोवर एक कर. मागचा नळ चालू आहे का बघ. दार नीट लागलंय का बघ. खाली एक बारकं झाकण असतं, त्यातली जाळी काढून धू. काय वाट्टेल ते निघेल त्यातून. बटणं निघतील, मोजे निघतील, नवऱ्याच्या खिशातली चिठ्ठीही निघेल. चिठ्ठी निघाली तर लगेच भांडायला जाऊ नकोस. आधी मशीन लाव, मग भांड. एवढं करून चाललं नाही, तर थांब लाइनवर. आमची सून फोन उचलेल. गुणी आहे हो पोरगी. तिच्यावर ओरडू नकोस, मशीन काही तिने बिघडवलेलं नाही."

फोनवाल्याने मान डोलावली. त्याने शब्दही ऐकलेला नव्हता, त्याचं सगळं ध्यान दाढेत होतं. "आवाज ठीक. आता खरं बोला."

मग तक्रारबाईने मुख्य ऑफिसचा मजकूर आपल्या ऑफिसच्या आवाजात, एकाही शब्दाला धक्का न लावता वाचला. फोनवाल्याने दोनपैकी एक रेकॉर्ड पुसली, एक चढवली, पासवर्ड घातला आणि गाल धरून थेट दातांच्या डॉक्टरकडे पळाला.

कुठली पुसली आणि कुठली चढवली, हे एव्हाना कुणीही ओळखेल. फक्त तक्रारबाईला ते दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं.

सकाळपासून फोन फारसा वाजलाच नव्हता. स्टोअरकीपरला खोकी हलवायला निमित्त मिळेना. दोन-तीन फोन आले, तेही विचित्रच. एका बाईने "तुम्हीच का त्या सूनबाई?" असं विचारून हसत फोन ठेवून दिला. तक्रारबाईला वाटलं, नवीन फोनच बिघडलेला दिसतोय. खात्री करावी म्हणून तिने आपल्या मोबाइलवरून ऑफिसचा नंबर लावला आणि मोबाइल कानाला लावला.

"हॅलो! कोण? बरं, कुणी का असेना."

पहिल्या क्षणी तिला वाटलं, चुकून घरी फोन लागला. ती सवयीने म्हणालीसुद्धा, "आई, मी बोलतेय." मग कानातल्या आईंनी दोन मिस्त्री आणि एक कंबर काढली, आणि तक्रारबाईच्या पायाखालची जमीन सरकली.

तिने फोनवाल्याला फोन लावला. त्याच्या बायकोने उचलला. "दाढ काढलीय हो त्यांची. तोंडात बोळा आहे. देऊ का?"

"द्या, द्या! हॅलो, अहो, चुकीची रेकॉर्ड चढलीय! ती काढायचीय!"

"ऊं," फोनवाला म्हणाला.

"पासवर्ड काय आहे?"

"ऊं ऊं. ऊंऽऽ."

"असं करा, मेसेज पाठवा."

थोड्या वेळाने मेसेज आला. 'पासवर्ड लेखी देत नाही. तोंडी सांगेन. तोंड उघडलं की.'

'कधी उघडेल?' तिने कळवळून विचारलं.

'सूज उतरली की.'

आता उपाय काय? फोनची वायर उपटावी, तर त्याच वायरीवर शोरूमचे फोन होते. ते बंद पडले असते तर साहेब धावत आले असते. साहेबांना सांगावं, तर साहेबांनी तिलाच उपटलं असतं. राहता राहिला एकच मार्ग, रेकॉर्ड वाजायच्या आत फोन उचलायचा. तक्रारबाई फोनवर हात ठेवूनच बसली. पहिल्या घंटीला तिने झडप घातली.

"हॅलो, नमस्कार—"

"अहो, का उचललात?" पलीकडचे गृहस्थ वैतागले. "मला त्या आजींचं ऐकायचं होतं. बायकोलाही ऐकवणार होतो. ठेवा बघू परत लाइनवर."

तिने मुकाट्याने ठेवलं.

दुसरा फोन एका जाड आवाजाच्या माणसाचा. हा माणूस गेल्या आठवड्यात तिच्यावर इतका ओरडला होता, की पेंगणारे हिशेबनीस जागे झाले होते. "आजी आहेत का?" त्याने नरमाईने विचारलं. "त्यांना सांगा, जाळीत बाळाचा मोजा निघाला. मशीन चालू झालं. आणि त्या सूनबाई तुम्हीच ना? जरा जास्तच बोललो मी त्या दिवशी. मनावर घेऊ नका."

ह्या खुर्चीत बसल्यापासून तिला कुणी 'मनावर घेऊ नका' म्हटलं नव्हतं. तिच्या तीन वाक्यांमध्ये ह्याला उत्तरही नव्हतं.

"नोंद घेतली आहे," ती म्हणाली, आणि स्वतःलाच हसू आलं.

तिसरा फोन एका बाईंचा. "अहो, चिठ्ठी निघाली हो खरंच!"

तक्रारबाई खुर्चीत पुढे सरकली. "वाचलीत?"

"कसली वाचतेय! भिजून लगदा झालेला. पण मी ह्यांना सांगितलं, वाचली म्हणून. सकाळपासून न सांगता भांडी घासतायत. आजींना नमस्कार सांगा."

असे दोन दिवस गेले. फोनवाल्याची सूज उतरायची चिन्हं नव्हती, आणि आजींची कीर्ती मात्र वाढत चालली. ज्यांची मशीनं धडधाकट होती ते फोन करायला लागले. ज्यांच्याकडे मशीनच नव्हतं तेही करायला लागले. शोरूममध्ये एक जोडपं येऊन म्हणालं, "त्या आजींच्या कंपनीचं मशीन दाखवा." सेल्समनला वाटलं, नवीन मॉडेल आलंय आणि आपल्याला कुणी सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तक्रारबाई घरी आली, तर सासूबाई दारातच उभ्या. कमरेवर हात.

"वरच्या काकू आल्या होत्या," त्या म्हणाल्या. "म्हणतात, ह्या वयात नोकरीला लागलात आणि कळवलंसुद्धा नाही? मी म्हटलं, कसली नोकरी? तर म्हणतात, काल तुम्हीच नाही का मला जाळी साफ करायला सांगितलीत?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. तक्रारबाईने सगळं सांगून टाकलं. सासूबाई आत येऊन बसल्या. "लाव," एवढंच म्हणाल्या. तिने मोबाइल स्पीकरवर टाकला. स्वतःचाच आवाज सुनेच्या तोंडून, कंपनीच्या फोनमधून, स्वतःच्या बैठकीत बसून सासूबाईंनी शेवटपर्यंत ऐकला. नवरा वर्तमानपत्राआड गेला.

"मला न विचारता?" सासूबाईंनी विचारलं.

"चुकलं, आई."

"चुकलंच! एवढं मी लांबलचक बोलले आणि एकदाही 'मेल्या' म्हणाले नाही? कोण विश्वास ठेवील मीच आहे म्हणून?"

वर्तमानपत्र हलायला लागलं. तक्रारबाईही हसली. पण सासूबाईंचं हसणं मध्येच थांबलं. "ते चोवीस तासांचं काय गं? खरंच कुणी जात नाही?"

"नाही जात. दोघंच आहेत हो मिस्त्री. जाणार कुठून?"

"आणि इतकी वर्षं तू लोकांना काय सांगत होतीस?"

"चोवीस तास. तसं सांगायला लावतात, आई."

"लावत असतील. पण तोंड तुझंच ना?"

सासूबाई हे ओरडून म्हणाल्या नाहीत. सहज, भाजी किती आणलीस विचारावं तसं म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. तक्रारबाई मात्र पर्स खांद्यावर तशीच अडकवून बराच वेळ बैठकीत उभी होती. घरी ती कधी खोटं बोलत नसे. मुलीने गृहपाठाबद्दल थाप मारली तर त्या दिवशी तिचं जेवण गोड लागत नसे. आणि ऑफिसात मात्र दिवसाकाठी कितीदा चोवीस तास म्हटलं असेल, याचा तिने कधी विचारच केला नव्हता. ते खोटं कंपनीचं आहे, आपलं नाही, अशी तिने स्वतःची समजूत घातली होती.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात पाऊल टाकते न टाकते तोच केबिनचं दार उघडलं. लोटून न घेता उघडलेलं ते दार बघूनच हिशेबनीसांना शिंक आली.

"मॅडम!" साहेबांचा चेहरा पांढराफटक होता. "काल मुख्य ऑफिसमधून मोठ्या बाईंनी फोन केला होता. दोन मिनिटं त्यांना लाइनवर ठेवलं होतं. लाइनवर कुणी म्हातारी आहे! तिने मोठ्या बाईंना 'अरे' म्हटलं! कोण आहे ती?"

"मी आहे, साहेब."

"तुम्ही? तुमचा आवाज असा कुठे आहे?"

"तो घरचा आहे."

साहेब मटकन खुर्चीत बसले. साहेब तसा वाईट माणूस नव्हता. नुसता घाबरट होता, आणि घाबरट माणसाच्या हाताखाली काम करायचं तर रोज थोडं थोडं घाबरावं लागतं. "त्या निघाल्यात," ते म्हणाले. "दुपारी पोहोचतील. आता नीट ऐका. आपण म्हणायचं, तांत्रिक बिघाड झाला. बाहेरच्या कुणा खोडसाळ बाईने लाइनमध्ये घुसून हे केलं. तुम्हाला काही माहीत नाही, मला काही माहीत नाही. फोनवाल्याला उचलून आणायला गाडी पाठवलीय. नवीन रेकॉर्ड आजच्या आज. चोवीस तास."

"पण साहेब—"

"तुमच्या नोकरीसाठी सांगतोय, मॅडम. माझ्याही."

मोठ्या बाई आल्या तेव्हा मागच्या खोलीत सगळे हारीने उभे होते. फोनवाला एका कोपऱ्यात, गाल टम्म फुगलेला. मोठ्या बाई बारीक चणीच्या, करड्या केसांच्या. त्यांनी खुर्ची नाकारली. बंद पंख्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "बोला."

साहेबांनी तांत्रिक बिघाड सांगितला. खोडसाळ बाई सांगितली. सांगता सांगता गोष्ट रंगत गेली, आणि खोडसाळ बाईच्या मागे दुसऱ्या कंपनीचा हात असावा इथपर्यंत ते पोहोचले. "चौकशी चालू आहे," त्यांनी समारोप केला. "मॅडमना विचारा. त्या फोनवरच असतात."

मोठ्या बाई तक्रारबाईकडे वळल्या. "काय हो? तुम्हाला काय माहीत आहे?"

तक्रारबाईने 'काही नाही' म्हणायला तोंड उघडलं. ऑफिसचा तो सपाट आवाज तिने शोधला, पण तो ऐनवेळी कुठे गेला कोण जाणे. तोंडातून जे बाहेर पडलं ते सासूबाईंच्या आवाजात पडलं.

"काय चौकशी करतोस मेल्या? मीच बोलले ना ते!"

साहेबांनी डोळे मिटून घेतले. तक्रारबाईने झटकन तोंडावर हात ठेवला. पण एकदा सांडलं ते सांडलं. तिने हात काढला आणि ह्या वेळी स्वतःच्या आवाजात म्हणाली, "माफ करा. पण खरं आहे. टेस्ट करताना मी गंमत केली होती. चुकून तीच चढली. सासूबाईंची नक्कल आहे. साहेबांना काहीच माहीत नव्हतं. बाहेरची बाई वगैरे कुणी नाही."

"म्हणजे चूक तुमची."

"हो. चढली ती चूक. पण त्यात बोलले ते चूक नाही." ती एक पाऊल पुढे आली. "नवीन रेकॉर्ड करायला सांगा, आत्ता करते. माझ्याऐवजी दुसऱ्या कुणाला बसवलंत तरी चालेल. पण मी चोवीस तास म्हणणार नाही. इथे मी म्हणते आणि तिकडे मिस्त्री दारात जाऊन शिव्या खातात. पाच-सहा दिवस लागतात तर पाच-सहा म्हणू की. लोक थांबतात हो. खोटं सांगितलं की चिडतात."

मोठ्या बाई काही बोलणार तेवढ्यात दार ढकलून थोरला मिस्त्री आत आला. त्याला मीटिंगचं काही ठाऊक नव्हतं. खांद्यावरची हत्यारांची पिशवी खाली टेकवत तो मोकळेपणाने म्हणाला, "तक्रारबाई, गावाला झालंय काय? चार दिवस झाले, दारात कुणी शिवी दिली नाही. आज एका घरी तर खुर्ची दिली. म्हणाले, बसा, कंबर कशी आहे? मी म्हटलं, माझी नाही हो, दुसऱ्याची धरलीय. तरी म्हणाले, असू द्या, बसा!"

मग त्याला मोठ्या बाई दिसल्या, आणि तो पिशवी उचलून परत जायला लागला.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ ताणले गेले होते. राग आवरतायत की काय, कुणाला कळेना. मग त्या हसल्या. आधी थोडं, मग भिंतीला टेकून. "घरी माझ्या मशीनमधून काल काय निघालं सांगू? माझेच वाचायचे चष्मे. दोन! तुमच्या त्या आजींनी सांगितलं म्हणून जाळी उघडली."

साहेबांनी एक डोळा उघडला.

निर्णय तिथल्या तिथे झाले. तिसरा मिस्त्री मंजूर झाला. चोवीस तास मजकुरातून गेले. साहेबांना मोठ्या बाईंनी बाजूला घेऊन काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही, पण बाहेर आल्यावर साहेबांनी पहिलं काम केलं ते पंखा दुरुस्त करणाऱ्याला फोन लावण्याचं. आजींची रेकॉर्ड ठेवायची, असंही ठरलं. फक्त मोठ्या बाईंनी एक अट घातली. "नक्कल नको. ज्यांचा आवाज आहे त्यांनाच बोलवा. त्यांच्या परवानगीने, मानाने. खऱ्या आजी असताना खोट्या कशाला?"

सासूबाईंना हे कळलं तेव्हा त्या आधी "इश्श" म्हणाल्या, मग "मला कुठे वेळ आहे" म्हणाल्या, आणि मग कपाटातली सगळ्यांत चांगली साडी काढून बसल्या. ठरलेल्या दिवशी त्या ऑफिसात आल्या तेव्हा शोरूमवाले एसी सोडून मागच्या खोलीत गोळा झाले होते. स्टोअरकीपरने त्यांच्यासाठी खोक्यांवर गादी टाकली. फोनवाल्याची सूज उतरली होती. त्याने अदबीने माइक पुढे केला.

"बोला आजी."

सासूबाई ताठ बसल्या. चष्मा सारखा केला. घसा खाकरला.

"आपला कॉल आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे," सासूबाई आवाजाला एकही सुरकुती पडू न देता म्हणाल्या. "कृपया प्रतीक्षा करावी. कळावे, लोभ असावा."

सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

"आजी, असं नाही," फोनवाला म्हणाला. "घरच्यासारखं बोला."

"अहो, ऑफिस आहे हे. घरच्यासारखं कशी बोलू?"

"रागावल्यासारखं बोला. 'मेल्या' म्हणा."

"परक्या माणसाला? काहीतरीच काय!"

पुन्हा घेतलं. ह्या वेळी सुरुवातीला 'महोदय' आलं. पुन्हा घेतलं, तर महोदयांबरोबर 'महोदया'ही आल्या. साहेबांनी चहा मागवला. तक्रारबाईने समोर उभं राहून सासूबाईंना सासूबाईंसारखं बोलून दाखवलं. सासूबाई पोट धरून हसल्या, "अगदी मीच!" म्हणाल्या, आणि माइककडे वळून पुन्हा "सविनय" असं सुरू केलं.

शेवटी त्या उठल्या आणि सुनेला हाताला धरून त्यांनी गादीवर बसवलं.

"तूच बोल बाई. मला काही इथे माझ्यासारखं बोलता यायचं नाही."

"पण आई, नक्कल करायची नाही असं ठरलंय."

"मग तुझ्यासारखं बोल. ते तरी येतं ना?"

येतं का, ह्याचा तक्रारबाईला जरा विचारच करावा लागला. ऑफिसचा आवाज होता, घरातले दहा होते. हा बारावा कुठला? फोनवाल्याने बोट वर केलं. सगळी खोली तिच्याकडे बघत होती, आणि गंमत म्हणजे तिला त्याचं काही वाटलं नाही.

"हॅलो," ती म्हणाली. "मी तक्रारबाई बोलतेय. तुमचं मशीन बिघडलंय, तुमचा दिवसही बिघडला असणार. मिस्त्री आता तीन आहेत. तीन-चार दिवसांत येतील. त्याआधी आले तर मलाही कळवा, मी पेढे वाटीन. तोवर ती जाळी तेवढी बघून घ्या..."

फोनवाल्याने हेडफोन काढला. "हे छान झालं. ही कुणाची नक्कल?"

"अजून ठरलं नाही," तक्रारबाई म्हणाली.

नवी रेकॉर्ड लागली त्या सकाळी पहिलाच फोन एका आजोबांचा आला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं असावं, कारण तिने फोन उचलला तेव्हा ते जरा नाराज होते.

"आधीच्या बाई कुठे गेल्या हो?"

"त्या घरी असतात."

"फार छान बोलायच्या."

"हो. माझ्या सासूबाई."

"अस्सं." आजोबा खाकरले. "तुमचंही वाईट नाही तसं," ते म्हणाले. "नवीन आहात ना? येईल हळूहळू."